गोष्टीच्या आधी सुटलेली गोळी

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या वसाहतवाल्यांच्या विनोदी गोष्टींत घरात एखादं जंगली जनावर बहुधा असतंच. चुलीशेजारी टांगलेल्या पिठाच्या पोत्यात झोपणारं कांगारूचं पिल्लू, बंद दार खालून उकरून आत शिरणारा वॉम्बॅट, पाद्रीबुवांनी उंबऱ्यात पाऊल टाकताच गाडीवानाच्या ठेवणीतल्या शिव्या हासडणारा काकाकुवा. घरधनी चिडतो, घरधनीण जनावराची बाजू घेते, पोरं खिदळतात आणि शेवटी फजिती होते ती घरधन्याचीच. या गोष्टी खरोखर मजेदार आहेत. १८८० साली सिडनीत निघालेल्या ‘द बुलेटिन’नं असल्या लिखाणाला मोकळी जागा दिली, हेन्री लॉसनसारखा लेखक त्यातून पुढं आला, आणि दुष्काळानं व कर्जानं पिचलेल्या माणसांना स्वतःवर हसायची एक रीत सापडली. तिला नाक मुरडावं असं मला कधीच वाटलं नाही.

माझं भांडण आहे ते या गोष्टींना साक्षीला बोलावणाऱ्यांशी. आमच्या पणजोबांनी कांगारू पाळला, आजीच्या घरात वॉम्बॅट नांदला, कुणाचं काही बिघडलं नाही, मग आजच हे परवाने आणि बंद्या कशाला, असा सवाल ऑस्ट्रेलियात अधूनमधून उठतो. कायदे शहरी लोकांनी केले, जनावरं मात्र खेड्यातल्या माणसांना कळत होती, असा त्यामागचा सूर असतो. याच मागणीची एक अभ्यासू आवृत्तीही आहे आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. तिच्याकडं येईनच. आधी गोष्टींची साक्ष तपासू.

‘स्टील रड’ या नावानं लिहिणाऱ्या आर्थर होई डेव्हिसचं ‘ऑन अवर सिलेक्शन’ १८९९ साली पुस्तकरूपानं आलं. क्वीन्सलंडमध्ये सरकारी जमिनीचा तुकडा घेऊन तो कसायला निघालेल्या एका कुटुंबाचे हे किस्से. त्यातले डॅड आणि डेव्ह पुढं नाटकात गेले, सिनेमात गेले, रेडिओवर गेले. ऑस्ट्रेलियन ग्रामीण विनोद म्हटला की आजही हीच दोन नावं आधी निघतात. आता या पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका पाहा. एक प्रकरण कांगारूच्या शिकारीचं. एक रात्र जागून पिकातल्या वॉलबी हुसकावण्याचं. आणि एक चक्क अस्वलांच्या धंद्यात उतरण्याचं. हे ‘अस्वल’ म्हणजे आपण ज्याला कोआला म्हणतो तो झाडावरचा निरुपद्रवी प्राणी, आणि धंदा त्याच्या कातड्याचा. पैशाची चणचण असलेलं कुटुंब काय करणार? रड हे लपवत नाही. तो प्रामाणिक लेखक होता. लपवतात ते त्याचे आजचे चाहते. जनावरांचे लाड तेवढे ते उचलतात आणि बंदूक पुस्तकातच ठेवून येतात.

ही बंदूक काही एकट्यादुकट्या घरची नव्हती. क्वीन्सलंडनं १८७७ साली मार्सुपियल डिस्ट्रक्शन ॲक्ट नावाचा कायदा केला. नावातच सगळं आलं: पिशवीवाल्या प्राण्यांचा नायनाट. मेंढ्यांचं गवत कांगारू आणि वॉलबी खातात म्हणून त्यांना मारायचं, टाळूचं कातडं पुरावा म्हणून दाखवायचं आणि बक्षीस घ्यायचं. १९३० पर्यंत चाललेल्या या व्यवस्थेत सुमारे २ कोटी ७० लाख प्राणी मारले गेले. कोआलाचा हिशेब वेगळा. १९१९ च्या हंगामात क्वीन्सलंडमध्ये त्यांचा बळी दहा लाखांच्या घरात गेला. १९२७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं पुन्हा महिनाभर शिकार खुली केली आणि तेवढ्या काळात पाच लाखांहून अधिक कातडी निघाली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि चर्चमधून मोठा निषेध झाला, म्हणजे तेव्हाच्या लोकांनाही हे खटकत होतं. ‘तो काळच तसा होता’ ही सबब म्हणून अर्धीच खरी.

आता पोत्यातल्या पिल्लाकडं या. कांगारूची मादी गोळी लागून पडली की तिच्या पिशवीत पुष्कळदा जिवंत पिल्लू सापडतं. मारणाऱ्यापुढं दोनच वाटा: पिल्लाचं डोकं आपटायचं, किंवा ते पोरांसाठी घरी न्यायचं. विनोदी गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या वाटेवर, आणि तीही घराच्या फाटकापासून. पिल्लू ‘सापडलं’, पिल्लू ‘आणलं’, पिल्लू ‘घरचंच झालं’. कुठून आणि कसं, हे ऐकणाऱ्या शेजाऱ्याला सांगायची गरजच नव्हती. त्याच्याही घरी बंदूक होती. आपल्याला मात्र सांगावं लागतं.

अशी गोष्ट वेगळ्या रीतीनं सांगता येते, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात अशाच एका पोरक्या पिल्लापासून झाली. शिकार करून आणलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पोर चिकटलेलं होतं, ते आमट्यांनी मागून घेतलं. ही हकिगत त्यांच्याकडून हजारोंनी ऐकली आहे आणि त्यांच्या सांगण्यात मेलेली आई कधी गळत नाही. तिथला माडिया आदिवासी पोटासाठी शिकार करतो हेही ते सांगतात. तिथं बिबट्यासोबतचे गमतीचे किस्सेही पुष्कळ आहेत; पण जनावर घरात कसं आलं हे आधी सांगून झालेलं असतं, म्हणून त्या हसण्यात खोट वाटत नाही.

घरात आल्यावर काय होतं, याचीही गोष्टींमध्ये एक ठरलेली चाल आहे. पिल्लाला बाटलीनं गाईचं दूध पाजायचं, ते गुटगुटीत होतं, मग धुमाकूळ घालतं. प्रत्यक्षात गाईचं दूध हे कांगारूच्या पिल्लाला घातक. त्यातल्या लॅक्टोजपासून तयार होणारं गॅलॅक्टोज त्याच्या शरीराला नीट पचवता येत नाही. आधी जुलाब होतात, आणि तगलंच तर डोळ्यांत मोतीबिंदू धरतो. कांगारूच्या मादीचं दूध पिल्लाच्या वयानुसार बदलत जातं. पिशवीत नुकतं जन्मलेलं एक आणि बाहेर हिंडणारं एक अशी दोन पिल्लं असतील, तर ती दोन सडांतून दोन वेगळ्या प्रकारचं दूध एकाच वेळी देते. आज ऑस्ट्रेलियात परवाना घेऊन पोरकी पिल्लं सांभाळणारे स्वयंसेवक हजारोंनी आहेत. ते वयाप्रमाणं बदलणारी, लॅक्टोज कमी केलेली दुधाची भुकटी वापरतात, रात्रीतून अनेकदा उठतात, कापडी पिशवीत ऊब राखतात, आणि तरीही कितीतरी पिल्लं हातची जातात. एखाद्या जुन्या किश्शात खुर्च्यांवर धडकणारा, दार सोडून भिंतीकडं उडी घेणारा ‘बावळट’ कांगारू भेटला की त्याला दिसत तरी होतं का, अशी शंका मला येते. किस्सा सांगणाऱ्याला ती कधी आली नाही, त्यात त्याचा दोष नाही. त्याला मोतीबिंदूचं कारण माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे.

गोष्टीची दुसरी चतुराई शेवटात असते. जनावर वयात यायच्या आत ती संपते. वॉम्बॅटचं पिल्लू वर्षभर माणसाच्या पायात पायात करतं, मांडीवर उताणं झोपतं. सांभाळणारे लोक सांगतात की दीड-दोन वर्षांचा झाला की त्याला माणूस नको होतो. मग तो पोटऱ्यांना चावतो, दारं फोडतो, जमिनीखाली भुयारं खणतो. हे वाईट वागणं नव्हे. वॉम्बॅटनं मोठं होणं म्हणतात ते हेच. नर कांगारूचं तर विचारूच नका. मोठा नर समोरच्या नराशी झुंजतो तो शेपटीवर भार टाकून मागच्या दोन्ही पायांच्या लाथांनी. माणसाच्या हातावर वाढलेल्या नराला माणूस हाच आपला जातभाई वाटतो आणि म्हणून प्रतिस्पर्धीही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळच्या रेडमंड इथं एका वृद्ध गृहस्थाचा कांगारूच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तो त्यांनी पाळलेलाच कांगारू असावा, असं पोलिसांचं म्हणणं होतं. रुग्णवाहिकेच्या लोकांना जखमी माणसापर्यंत तो जाऊ देईना, म्हणून अखेर पोलिसांना त्याला गोळी घालावी लागली. ऑस्ट्रेलियात कांगारूच्या हल्ल्यात माणूस दगावल्याची ही १९३६ नंतरची पहिलीच नोंद. म्हणजे असं वारंवार घडतं असं मुळीच नाही, आणि मला कांगारूला खुनी ठरवायचंही नाही. पण जन्मभर प्रेमानं वाढवलेल्या प्राण्याचा शेवट पोलिसांच्या गोळीनं झाला, ही बाब ‘कुणाचं काही बिघडलं नाही’ या वाक्यात कुठं बसवायची?

गोष्टी लिहिणाऱ्यांचं काम पुढं टीव्हीनं उचललं. १९६८ पासून दाखवल्या गेलेल्या ‘स्किपी’ मालिकेतली कांगारू रेडिओ वापरते, गाठी सोडते, हरवलेल्या पोरांचा पत्ता लावते. ती एक नव्हती, एकाच भूमिकेसाठी अनेक कांगारू वापरले गेले, कारण मोकळा सोडला की कांगारू आपल्या वाटेनं निघून जाई. शॉट तयार होईपर्यंत त्यांना पोत्यात ठेवत. पुढच्या पायांची कसबं दाखवायला काठीला लावलेले खोटे पंजे होते. तिचा तो सुप्रसिद्ध ‘च्च च्च’ आवाजही माणसांनी काढलेला, कांगारू तसं बोलतच नाहीत. मालिका अनेक देशांत गेली आणि कांगारू म्हणजे शहाणं, आज्ञाधारक कुत्रं अशी समजूत पसरली. त्याचे धागे आपल्याकडंही येऊन पोचले आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये पश्चिम बंगालात सिलिगुडी-जलपायगुडी भागात रस्त्याकडेला कांगारू भटकताना आढळले. त्यांच्या चित्रफिती लोकांनी हसत हसत एकमेकांना पाठवल्या. प्राणी भेदरलेले आणि कृश होते, एक मेलेला सापडला. कुणीतरी हौसेसाठी मागवलेले आणि वाटेत टाकून दिलेले हे जीव असावेत, यापलीकडं त्या विनोदात काही नव्हतं.

बड्या लोकांच्या हौशीही याच साच्यातल्या. इंग्लिश कवी-चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेटी याला वॉम्बॅटचं वेड होतं. लंडनमध्ये चेल्सीतल्या घरात त्यानं मोर, कांगारू, आर्माडिलो असा गोतावळाच जमवला होता. १८६९ च्या सप्टेंबरमध्ये जॅमराक या प्राणीव्यापाऱ्याकडून आणलेल्या वॉम्बॅटचं नाव त्यानं ठेवलं ‘टॉप’. जेवणाच्या टेबलावर तो झोपायचा, त्यानं पाहुण्यांच्या सिगारची अख्खी पेटी फस्त केली, ‘ॲलिस’मधला पेंगणारा उंदीर त्याच्यावरूनच सुचला, असल्या दंतकथा अजून सांगितल्या जातात. शेवटची तर उघडच खोटी. ‘ॲलिस’ १८६५ मध्ये छापून झालं होतं, टॉप यायच्या चार वर्षं आधी. निर्विवाद आहे ती गोष्ट छोटी आहे. नोव्हेंबर संपायच्या आत टॉप मेला. रोझेटीनं रडतानाचं स्वतःचं चित्र काढलं, त्याखाली विनोदी कविता लिहिली आणि टॉपमध्ये पेंढा भरून घेतला. त्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण दोन महिन्यांत मेलेल्या प्राण्याच्या गमती दीडशे वर्षं पुरल्या, याचं नवल वाटतं.

प्लॅटिपसचं प्रकरण आणखी भारी. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना १९४३ साली विन्स्टन चर्चिल यांनी ऑस्ट्रेलियाकडं प्लॅटिपस मागितले. बदकाची चोच, बीव्हरची शेपटी, अंडी घालणारा सस्तन प्राणी. हा नग लंडनमध्ये हवा, अशी पंतप्रधानांची इच्छा. प्राणी परदेशी पाठवायला बंदी होती, तरी परराष्ट्रमंत्री एव्हॅट यांनी होकार दिला आणि काम येऊन पडलं मेलबर्नजवळच्या हील्सव्हिलच्या प्राणितज्ज्ञ डेव्हिड फ्ले यांच्यावर. प्लॅटिपस पिंजऱ्यात जगवणं किती अवघड आहे हे त्या काळी त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांनी अनेकांऐवजी एकच पाठवायचं कबूल केलं, त्यासाठी खास पाण्याचं घर बांधलं, हजारो गांडुळांचा शिधा दिला. प्राण्याचं नाव विन्स्टन. जहाज इंग्लंडला पोचायला थोडे दिवस उरले असताना विन्स्टन मेला. सांगितलं गेलं की जर्मन पाणबुडीवर टाकलेल्या स्फोटकांच्या हादऱ्यानं मेला, आणि पुढं ऐंशी वर्षं ही हकिगत युद्धातली एक गमतीची वीरकथा म्हणून फिरली. अलीकडं सिडनीतल्या अभ्यासकांनी जुन्या नोंदवह्या चाळल्या तेव्हा दिसलं की विषुववृत्ताजवळ पाण्याचं तापमान अनेक दिवस त्या प्राण्याला सोसण्यापलीकडं गेलं होतं. गंमत करताना कारण कसं झाकलं जातं, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आणि लक्षात घ्या, इथं जनावर निष्काळजी पोरांच्या हाती नव्हतं. त्या काळातला सर्वांत जाणकार माणूस, सरकारी खर्च आणि पंतप्रधानांचा वशिला, सगळं जमेला होतं.

आता अभ्यासू आवृत्ती. न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातले जीवाश्मशास्त्रज्ञ मायकेल आर्चर ऑस्ट्रेलियन म्युझियमचे संचालकही होते आणि थायलासीन या टास्मानियातल्या नामशेष झालेल्या पिशवीवाल्या शिकारी प्राण्याला क्लोनिंगनं परत आणण्याचा खटाटोप त्यांनीच तिथं सुरू केला होता. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: जो प्राणी माणसाच्या घरात असतो तो कधी नामशेष होत नाही. मांजरं परदेशी, ती ऑस्ट्रेलियातले छोटे प्राणी फस्त करतात आणि त्यांना मुक्त प्रवेश. क्वोल हा छोटा देशी शिकारी प्राणी मात्र पाळायची सोय नाही. लोकांना क्वोल पाळू द्या, त्यांची किंमत वाढेल, त्यांच्यावर प्रेम बसेल, जाती वाचतील. थायलासीन पाळले असते तर आज असते. आर्चर यांनी स्वतः क्वोल पाळला होता आणि त्याच्या लोभसपणाबद्दल ते आपुलकीनं बोलतात. मांजरांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. कायद्यातल्या विसंगतीबद्दलचंही पटतं. न्यू साऊथ वेल्समध्ये परवाना काढून अजगर पाळता येतो, आणि सस्तन प्राण्यांत मात्र एखाददुसऱ्या उंदरापलीकडं हात जात नाही, तर शेजारच्या राज्यात नियम निराळेच.

पण थायलासीनचा दाखला त्यांच्या विरुद्ध जातो. टास्मानिया सरकारनं १८८८ ते १९०९ या काळात या प्राण्याच्या डोक्यामागं पौंडभर बक्षीस लावलं आणि २,१८४ बक्षिसं वाटली. त्याच काळात थायलासीन पिंजऱ्यातही होते. लंडन, बर्लिन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, मेलबर्न, होबार्ट, कितीतरी प्राणिसंग्रहालयांत ते ठेवले गेले. माणसाच्या ताब्यात त्यांची वीण झाल्याची नोंद एकच, मेलबर्न, १८९९. शेवटचा ज्ञात थायलासीन ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या बोमॅरिस प्राणिसंग्रहालयात मेला. सरकारनं त्या जातीला संरक्षण दिलं त्याला तेव्हा ५९ दिवस झाले होते. म्हणजे बाळगणारे होते, हौस होती, पैसे मोजायची तयारी होती. नव्हतं ते एवढंच: रानात त्याला मारणं कुणी थांबवलं नव्हतं. घरोघरी थायलासीन असते तर मेंढपाळाची बंदूक खाली गेली असती, हे मानायला मला कुठलाच आधार सापडत नाही. मालकाच्या अंगणात पोत्यातलं पिल्लू आणि त्याच्याच रानात टाळूमागं बक्षीस, हे दोन्ही क्वीन्सलंडमध्ये अर्धशतक सुखानं एकत्र नांदलं होतं.

पाळल्यानं जात वाचते की नाही, याचा प्रयोग खरं तर पक्ष्यांवर होऊन गेला आहे आणि त्याचा निकाल आपल्या गॅलरीत टांगलेला आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये ‘लव्हबर्ड’ म्हणून जे हिरवे-निळे-पिवळे पक्षी विकले जातात ते बहुतेक वेळा बजरिगर असतात, मूळ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानातले. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानं १८४० साली ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर पसरले. आपल्याकडं देशी पक्षी पिंजऱ्यात ठेवायला बंदी आल्यावर पोपटाची जागा त्यांनीच घेतली. प्रदर्शनासाठी पैदा केलेला इंग्लिश बजरिगर आज रानातल्या बजरिगरच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, डोक्यावर पिसांचा फुगारा असलेला, धड उडता न येणारा पक्षी झाला आहे. रानातल्या बजरिगरना त्याचा काडीचा उपयोग नाही. सुदैवानं त्यांना गरजही नाही, चांगला पाऊस झाला की ते हजारोंच्या थव्यांनी वाढतात. गूल्डियन फिंचची कथा याहून बोलकी. गूल्डनं आपल्या दिवंगत बायकोच्या, एलिझाबेथच्या, स्मरणार्थ या इंद्रधनुष्यी पक्ष्याला नाव दिलं. आज जगभरच्या पिंजऱ्यांत हे पक्षी लाखोंनी आहेत. पुण्या-मुंबईतले पक्षी पाळणारे हौशी लोकही ते पैदा करतात. आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रानात हीच जात संकटग्रस्त यादीत आहे. वणव्यांची बदललेली रीत आणि गुरांची चराई यांनी त्यांचं बियांचं गवत घटवलं, आणि पिंजऱ्यांच्या बाजारासाठी अनेक वर्षं झालेली पकड हेही घटीचं एक कारण मानलं जातं. घरोघरी लाडका, रानात दुर्मीळ. आर्चर यांच्या नियमाप्रमाणं हे व्हायलाच नको होतं.

वसाहतवाल्यांच्या गोष्टींमधून आणखी कुणीतरी गायब आहे. ज्यांच्या जमिनीवर हे ‘सिलेक्शन’चे तुकडे कोरले गेले ते आदिवासी लोक. जुन्या लोकांना जनावरं कळत होती असं म्हणायचं तर त्यांच्याकडं आधी बघायला हवं. त्यांनीही जनावरं बाळगली. डिंगोची पिल्लं बिळातून उचलून ती तळावर वाढवायची, त्यांच्यासोबत थंडीत झोपायचं, लाड करायचे. आणि ती वयात आली की पुष्कळदा ती रानात निघून जात आणि जाऊ दिली जात. तिथं त्यांची वीण व्हायची. हजारो वर्षं डिंगो माणसाजवळ राहिला आणि तरी रानटी राहिला, यामागं ही सैल मूठ असावी असं अभ्यासक मानतात. पिल्लू सांभाळून मोठं झाल्यावर सोडून द्यायचं, हेच आजचे परवानाधारक स्वयंसेवक करतात. जुन्या माणसांचं शहाणपण हवंच असेल तर ते इथं आहे. ते विनोदी गोष्टीत बसत नाही, कारण त्यात जनावर शेवटी निघून जातं.

शेवटी क्वोल. क्वोल पाळू द्या म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडावा. पूर्वेकडचा क्वोल म्हणजे किलोभर वजनाचा, ठिपकेदार, निशाचर, मांसाहारी शिकारी. मादीला सड सहाच. जन्मणारी पिल्लं त्याहून पुष्कळ जास्त, जी सडाला पोचत नाहीत ती मरतात. एकूण आयुष्य तीन-चार वर्षांचं. म्हणजे तिसरीतल्या पोराला आणून दिलेला क्वोल पोरगं सातवीत जायच्या आत म्हातारा होऊन मेलेला असेल, आणि मधल्या काळात झालेल्या पिल्लांना घरं शोधत बसावं लागेल. ती घरं मिळाली नाहीत की काय होतं, ते ऑस्ट्रेलियाच्या शहरांबाहेर सोडून दिलेल्या मांजरांनी दाखवून दिलंच आहे.

मुख्य भूमीवर हा क्वोल शेवटचा दिसला तो १९६० च्या दशकात, सिडनीच्या व्होक्लूज उपनगरात. टास्मानियात तो उरला आणि तिथून पैदास करून २०१६ मध्ये कॅनबेराच्या मलिगन्स फ्लॅट अभयारण्यात परत आणला गेला. कोल्हे आणि मांजरं आत येऊ नयेत म्हणून त्याभोवती उंच कुंपण आहे. पहिल्या तुकडीतले कितीतरी क्वोल त्याच कुंपणावर चढून बाहेर गेले आणि मेले. मग काम करणाऱ्यांनी पद्धत बदलली. नर नेणं थांबवलं, पोटाशी पिल्लं असलेल्या माद्याच सोडल्या, कारण पिल्लांची आई लांब भटकत नाही. त्यानंतर ते टिकले आणि वाढले. एकूण किती सोडले, किती मेले, कुठं मेले, कशानं मेले, हे सगळं त्यांनी छापून ठेवलं आहे.